थोरांचा खोकला, पोरांचा क्षय

सदर : घर आणि आरोग्य



या सदराकडे एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये अशी तिची विनंती आहे, म्हणून नुसता मजकूर देते. ती लिहिते : 'माझे मिस्टर बांधकामावर सेंट्रिंगचे काम करतात. दोन महिने खोकत होते. खाडा नको म्हणून अंगावर काढले. आता सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली तर टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या आहेत. आमची एकच खोली आहे. मुलगी आठ वर्षांची आणि मुलगा अडीच वर्षांचा आहे. सासूबाईंनी मिस्टरांचे ताट-तांब्या वेगळे केले. मुलांना आजोळी पाठवून दे म्हणतात. शेजारच्या बाई म्हणतात, पोरांना खोकला नाही तर दवाखान्याच्या चकरा कशाला? मी काय करू?'

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधी सांगते, कारण मग सांगते. मुलांना आजोळी पाठवू नका. त्यांना घेऊन उद्याच दवाखान्यात जा. खोकला नसला तरी जा, आणि धाकट्याच्या बाबतीत एक दिवसही दवडू नका. मिस्टरांचे ताट-तांब्या होते तिथे, सगळ्यांच्या भांड्यांत परत ठेवा.

हे उत्तर एकट्या या ताईंसाठी नाही. आपल्या वस्तीत, चाळीत, झोपडपट्टीत, गावाकडच्या बौद्धवाड्यात असे घर कुठे ना कुठे असतेच. म्हणून आजचा लेख सर्वांनी वाचावा. वाचता येत नसेल त्या आजीला वाचून दाखवावा. घरातले निर्णय पुष्कळदा तिच्याच हातात असतात.

मुलाला क्षय येतो कुठून?

क्षय हा जंतूंमुळे होणारा रोग आहे. रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे त्याचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. म्हणून २४ मार्च हा जागतिक क्षयरोग दिन पाळतात. क्षय म्हणजे मागल्या जन्मीचे पाप नव्हे, करणी नव्हे, दृष्ट नव्हे आणि घराण्याचा शापही नव्हे, हे सिद्ध होऊन एकशे चाळीसहून अधिक वर्षे झाली. तरीही लेकरू सुकत चालले की आपल्यातली काही मंडळी आजही गंडा-दोरा बांधतात, अंगारा लावतात. धम्मदीक्षा घेतलेल्या घरात हे चालू असेल तर त्यासारखे दुर्दैव नाही.

फुप्फुसाचा क्षय झालेला मोठा माणूस खोकतो, शिंकतो, बोलतो तेव्हा त्याच्या श्वासावाटे जंतू असलेले अतिसूक्ष्म थेंब हवेत येतात. खिडकी नसलेल्या, कोंदट खोलीत ते बराच वेळ तरंगत राहतात. त्याच हवेत खेळणाऱ्या, कुशीत झोपणाऱ्या लेकराच्या छातीत ते जातात. उघड्या हवेत ते विरून जातात. म्हणून हा रोग दाटीच्या घरांचा माग काढत येतो. मुंबईत मानखुर्द-गोवंडी भागातल्या पुनर्वसनाच्या इमारतींची पाहणी झाली, तेव्हा जिथे इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचत नाही, तिथे क्षयाचे प्रमाण जास्त असल्याचे दिसून आले. हा दोष तिथे राहणाऱ्यांचा नाही, इमारती तशा बांधणाऱ्यांचा आहे.

आता मुख्य मुद्दा ध्यानात घ्या. लहान मुलाच्या फुप्फुसात जंतूंची संख्या थोडी असते. त्याला जोर लावून बेडका बाहेर काढता येत नाही. त्यामुळे लहान मूल सहसा दुसऱ्याला क्षय देत नाही, ते मोठ्या माणसाकडून घेते. मूल क्षयाने आजारी पडले की त्याच्या आसपास खोकणारा कोणी तरी मोठा माणूस आहे, असे समजावे. तो बाप असेल, आजी असेल, कामावरून येऊन राहिलेला मामा असेल, शेजारी असेल, नाहीतर मुलाला सांभाळणारी बाई असेल. त्या माणसाला शोधून त्याच्यावर उपचार सुरू केले नाहीत, तर एक मूल बरे होईपर्यंत दुसरे आजारी पडेल.

हीच गोष्ट उलट बाजूनेही तितकीच खरी आहे. घरातल्या मोठ्या माणसाला क्षय निघाला की मुलांची तपासणी हा त्याच्याच उपचाराचा एक भाग समजावा. थोराने आपला खोकला लपवला तर त्याची किंमत पोर मोजते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२३ साली जगात १ कोटी ८ लाख लोकांना क्षय झाला. त्यांत सुमारे १३ लाख मुले होती. जगातल्या एकूण रुग्णांपैकी चौथ्या हिश्शाहून अधिक एकट्या भारतातले होते.

ताट-तांब्या वेगळे कशासाठी?

सासूबाईंचा हेतू वाईट नाही. नातवंडांच्या काळजीपोटीच त्यांनी ताट वेगळे केले. पण क्षयाचा प्रसार हवेतून होतो. ताट, वाटी, तांब्या, कपडे, अंथरूण, हस्तांदोलन यांतून होत नाही. एका पंगतीला बसून जेवल्याने होत नाही. तेव्हा भांडी वेगळी केल्याने रोग अडत नाही. माणूस मात्र दूर लोटला जातो. दूर लोटलेला माणूस आजार लपवायला शिकतो, गोळ्या चोरून खातो आणि एक दिवस त्या बंद करतो.

वेगळे ताट आणि वेगळा पेला म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी शिकवायला नको. चवदार तळ्याचे पाणी ज्यांना १९२७ साली सत्याग्रह करून प्यावे लागले, त्यांच्या लेकरांनी आपल्याच घरात आजारी माणसाचा पेला बाजूला ठेवावा, हे शोभत नाही.

मग खबरदारी कोणती घ्यायची? घरातल्या रुग्णाने तोंडाला मास्क किंवा स्वच्छ रुमाल बांधावा. खोकताना रुमाल धरावा. कुठेही थुंकू नये, झाकणाच्या डब्यात थुंकावे. दार-खिडकी उघडी ठेवावी. पहिले काही दिवस शक्य असेल तर रुग्णाने दाराजवळ, ओट्यावर किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत झोपावे. जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे असतील, तर गोळ्या नियमित सुरू झाल्यावर साधारण दोन आठवड्यांत प्रसाराचा धोका बराच ओसरतो. एवढा काळ सांभाळायचे आहे, जन्मभर नाही.

घरी राहून उपचार घेता येतात, हे आपल्याच देशात सिद्ध झाले आहे. पूर्वी क्षयरोग्याला महिनोन् महिने आरोग्यधामात ठेवत. गरिबाला ते परवडत नसे, आणि खाटाही पुरत नसत. १९५६ साली मद्रासला क्षयरोग रसायनोपचार केंद्र सुरू झाले. तिथल्या डॉक्टरांनी काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या, गरिबीच्या घरीच औषध दिले. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी औषध घेणारे जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते. पुढे घरच्या माणसांवरही लक्ष ठेवले गेले. रुग्ण घरी राहिल्यामुळे त्यांचा धोका वाढल्याचे आढळले नाही. सारे जग आज घरीच उपचार देते, त्याचा पाया गरीब मद्रासी कुटुंबांच्या खोल्यांत घातला गेला.

मुलांना आजोळी का पाठवू नये, तेही यातच आले. वडील दोन महिने खोकत होते, म्हणजे जंतू शिरायचा असेल तर तो आधीच शिरला असेल. मुले गावी गेली तर तिथे कोणाला काही ठाऊक नसणार. पोर बारीक झाले तर 'आईची आठवण काढतंय' म्हणतील, आणि मोलाचे दिवस निघून जातील.

खोकलाच पाहिजे असे नाही

शेजारच्या बाई म्हणतात, पोरांना खोकला नाही. मोठ्यांच्या क्षयात खोकला, बेडका आणि क्वचित रक्त दिसते. मुलांचा क्षय मुका असतो. पुष्कळदा तो छातीतल्या गाठींमध्ये दडून बसतो. आईने या खुणा पाहाव्यात :

१) दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला ताप. तो फणफणणाराच असेल असे नाही. संध्याकाळची नुसती कसरही असू शकते.

२) दोन आठवड्यांहून जास्त खोकला, नेहमीच्या औषधाने न गेलेला.

३) वजन घटणे किंवा वाढ थांबणे. अंगणवाडीत दर महिन्याला वजन होते. ताईंकडचा तक्ता पाहा. रेघ वर चढायची थांबली असेल आणि नीट खाऊ घालूनही हलत नसेल, तर दात येताहेत, उंची वाढतेय अशी समजूत करून घेऊ नका.

४) मूल मलूल होणे. कालपर्यंत गल्लीत धावणारे पोर आज कोपऱ्यात बसून राहते, खेळात मन लावत नाही.

५) मानेवर किंवा काखेत न दुखणारी, वाढत जाणारी गाठ. जुनी माणसे तिला गंडमाळ म्हणत. तिच्यावर लेप लावत बसू नये.

६) पाठीच्या मणक्यात दुखणे, कुबड येणे, सांधा सुजून राहणे किंवा पोट फुगून दुखत राहणे. क्षय फुप्फुसाबाहेरही होतो.

यातले एक लक्षण असेल आणि घरात किंवा शेजारी क्षयाचा रुग्ण असेल, तर थांबू नका. डॉक्टरांनी न विचारताही सांगा, 'आमच्या घरात टीबी आहे' किंवा 'होता'. हे एक वाक्य पुष्कळदा अर्धे निदान करते. लाजेने ते गिळले तर डॉक्टर न्यूमोनियाचे औषध देत राहतील.

आता धोक्याची घंटा. मूल वारंवार उलटी करते, फार किरकिर करते किंवा गुंगीत राहते, डोके दुखते म्हणते, मान ताठ होते, झटके येतात, एकीकडचा हात-पाय लुळा पडतो, अशी चिन्हे दिसली तर मोठ्या रुग्णालयात तत्काळ न्या. रात्र असली तरी न्या. हा मेंदूच्या आवरणाचा क्षय असू शकतो. उशीर झाला तर मूल दगावते, किंवा वाचले तरी अपंगत्व राहते. दोन वर्षांखालच्या मुलांना हा धोका अधिक असतो.

तपासणी कशी होते?

मुलाचा क्षय एकाच तपासणीत पकडला जाईल असे नाही. डॉक्टर चार गोष्टी जुळवून पाहतात : घरात रुग्ण आहे का, लक्षणे काय, छातीचा एक्स-रे काय सांगतो, आणि जंतू सापडतो का.

मोठे मूल बेडका देऊ शकते. लहान मूल बेडका गिळून टाकते. म्हणून पहाटे उपाशीपोटी नाकातून बारीक नळी घालून पोटातले थोडे पाणी काढतात. पाहताना आईचा जीव कळवळतो, पण मुलाला इजा होत नाही. 'नळी नको' म्हणून घरी परतू नका. गाठ असेल तर सुईने तिच्यातला थोडा अंश काढतात. हे नमुने सीबी-नाट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर तपासतात. काही तासांत जंतू आहे की नाही ते कळते. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्या जंतूला लागू पडेल की नाही, तेही कळते. सरकारी व्यवस्थेत ही तपासणी मोफत आहे.

हातावर एक छोटी सुई देऊन दोन-तीन दिवसांनी तिथली सूज मोजतात. तिला माँटू चाचणी म्हणतात. ती होकारार्थी आली तर जंतू शरीरात शिरला आहे एवढेच समजते, रोग झालाच असे नाही. उलट कुपोषित मुलात रोग असूनही ती नकारार्थी येऊ शकते. म्हणून एकट्या माँटूवर भरवसा ठेवू नये.

आणखी एक सावधगिरी. कोणी रक्त काढून 'टीबीची अँटिबॉडी टेस्ट' करू म्हणाले तर नकार द्या. त्या चाचण्या चुकीचे निकाल देत म्हणून केंद्र सरकारने २०१२ साली त्यांच्यावर बंदी घातली आहे. क्षयाचा रुग्ण सापडला की त्याची नोंद सरकारकडे करणे खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून बंधनकारक आहे. तेव्हा 'नाव कशाला लिहिता' म्हणून भांडू नका. त्या नोंदीवरच पुढच्या सोयी मिळतात.

निरोगी मुलालाही गोळ्या?

होय. आणि पत्र लिहिणाऱ्या ताईंसाठी सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

जंतू शरीरात शिरलेले बहुतेक लोक आजारी पडत नाहीत. शरीर त्याला कोंडून ठेवते. पण पाच वर्षांखालच्या मुलाची ती ताकद अजून तयार व्हायची असते. बाळ जितके लहान तितका धोका जास्त, आणि जंतू शिरल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तो सर्वाधिक असतो. म्हणून घरात फुप्फुसाच्या क्षयाचा रुग्ण निघाला, की पाच वर्षांखालच्या प्रत्येक मुलाची तपासणी करतात, आणि रोग नसेल तर प्रतिबंधक औषध देतात. आयसोनियाझिडची गोळी रोज, सहा महिने, ही त्याची जुनी पद्धत आहे. दोन वर्षांवरील मुलांसाठी आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे घ्यायचे दोन औषधांचे मिश्रणही आले आहे. पाच वर्षांवरील मुले आणि घरातली मोठी माणसेही आता या कार्यक्रमात घेतात. त्यांच्या बाबतीत आधी जंतुसंसर्गाची चाचणी केली जाऊ शकते. म्हणून आठ वर्षांच्या मुलीलाही सोबत न्या. रुग्णाचे जंतू औषधाला दाद न देणारे असतील तर मुलांचे प्रतिबंधक औषध कोणते, ते तज्ज्ञ डॉक्टर ठरवतील.

मूल धडधाकट दिसत असताना सहा महिने गोळी देणे आईला अवघड जाते. कामाच्या धबडग्यात राहून जाते. एक साधा उपाय करा. बाबासाहेबांच्या तसबिरीजवळ कॅलेंडर असते. बाप आपली गोळी घेताना लेकराचीही देईल, आणि दोघांची मिळून एक फुली कॅलेंडरवर मारेल. बापाचा उपचार आणि लेकराचा बचाव एकाच फुलीत बांधला जातो.

बीसीजीची लस तर जन्मतःच द्यावी. राहून गेली असेल तर बाळ एक वर्षाचे होईपर्यंत देता येते. ती दंडावर देतात, तिचा व्रण राहतो. व्रण दिसला नाही तरी पुन्हा टोचायची गरज नसते. ही लस बालकाला मेंदूच्या क्षयासारख्या भयंकर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते. पण ती पूर्ण कवच नाही. 'बीसीजी दिली आहे, मग टीबी कसा होईल?' असे म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करू नका.

आईलाच क्षय असेल तर? तिने बाळाला अंगावर पाजणे बंद करू नये. दुधातून क्षय जात नाही. मास्क लावून पाजावे, स्वतःचे औषध नियमित घ्यावे आणि बाळाला डॉक्टरांना दाखवून प्रतिबंधक औषध सुरू करावे. नवजात बाळाला बीसीजी केव्हा द्यायची, हेही त्याच वेळी विचारावे.

औषध अर्धवट सोडू नका

मुलाला क्षय निघालाच तर घाबरू नका. साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. मेंदूच्या आणि हाडाच्या क्षयाचा एक वर्षापर्यंत चालतो. मुलांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या रोज द्यायच्या असतात. गोळ्यांची संख्या वजनावर ठरते. मूल सुधारले की वजन वाढते, आणि वजन वाढले की गोळ्या वाढवाव्या लागू शकतात. म्हणून दर महिन्याला वजन झालेच पाहिजे.

गोळीने लघवी लाल-नारिंगी होते. ते रक्त नाही, औषधाचा रंग आहे. मात्र डोळे पिवळे झाले, सारखी उलटी होऊ लागली, अंगावर पुरळ आले किंवा मुलाला नीट दिसेनासे झाले, तर लगेच डॉक्टरांकडे जा. आपल्या मनाने औषध सुरू ठेवू नका आणि आपल्या मनाने कायमचे बंदही करू नका.

महिना-दीड महिन्यात ताप जातो, भूक लागते, पोर पुन्हा गल्लीत धावू लागते. घात इथेच होतो. 'बरं झालं की' म्हणून गोळ्या थांबतात. मेलेले असतात ते दुबळे जंतू, चिवट जंतू दबा धरून असतात. ते पुन्हा उठतात तेव्हा औषधाला दाद देईनासे झालेले असू शकतात. मग उपचार लांबतो आणि जड जातो. गावी लग्न असो, जत्रा असो, चैत्यभूमीला किंवा दीक्षाभूमीला जायचे असो, गोळ्यांची पुडी पिशवीत पहिली ठेवा.

मुलींच्या बाबतीत एक शब्द. वयात आलेल्या मुलीचा क्षय 'लग्न जमणार नाही' म्हणून झाकून ठेवणारी घरे आहेत. उपचार पूर्ण केलेली मुलगी बरी होते, संसार करते, आई होते. झाकलेला क्षय मात्र तिच्या जिवावर उठतो.

ताटात काय असावे?

क्षय आणि उपासमार ही सख्खी भावंडे आहेत. झारखंडमधल्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात एक मोठा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. क्षयरुग्णांच्या घरातल्या दहा हजारांहून अधिक माणसांवर लक्ष ठेवण्यात आले. निम्म्या घरांत रुग्णापुरतेच जादा धान्य दिले. उरलेल्या घरांत बाकीच्या माणसांनाही दिले. मोठ्या माणसामागे महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो तूरडाळ आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्या, तर लहान मुलांना त्याच्या निम्मे. जिथे सर्वांना धान्य मिळाले, तिथे घरातल्या इतरांना क्षय होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झाले. डाळ-तांदूळही रोग अडवतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

म्हणून महागड्या टॉनिकच्या बाटल्या आणि डब्यांतल्या पावडरी यांमागे पैसे घालवू नका. तेवढ्याच पैशांत भाकरी-डाळ, मोड आलेली मटकी, अंडी, शेंगदाणे-गूळ, नाचणी, सुकट-बोंबील, जमेल तेव्हा मटण-मासे मुलाच्या ताटात येतात. भातावर एक चमचा तेल जादा घाला. आणि मुलीला मुलाइतकेच वाढा.

सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून क्षयरुग्णाला उपचार सुरू असेपर्यंत आहारासाठी पैसे मिळतात. २०१८ साली ती रक्कम महिना ५०० रुपये होती. नोव्हेंबर २०२४ पासून ती १,००० रुपये झाली. रुग्ण मूल असेल तर त्यालाही हा हक्क आहे. बँकेचे पासबुक आणि आधार घेऊन उपचार केंद्रावर नाव नोंदवा. पैसे जमा झाले नाहीत तर दर खेपेला विचारा. ही भीक नाही.

मिस्टरांनी दोन महिने खोकला अंगावर का काढला? खाडा पडला तर चूल कशी पेटणार म्हणून. यात त्यांना दोष देऊन भागत नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली प्रा. अडारकर यांच्याकडे कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम देण्यात आले. १९४४ साली त्यांचा अहवाल आला, आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. या योजनेत असलेल्या कामगाराला क्षय झाला आणि नोकरी-वर्गणीच्या अटी पूर्ण असल्या, तर दोन वर्षांपर्यंत पगाराच्या ८० टक्के इतका आजारभत्ता मिळू शकतो. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते, त्यांनी हा हक्क जरूर वापरावा. नाक्यावरच्या मजुराला, घरकाम करणाऱ्या बाईला हे छत्र मिळत नाही. तिथे वस्तीनेच उभे राहिले पाहिजे.

वस्तीने काय करावे?

विनयपिटकात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्या घाणीत एकटाच पडला होता. कोणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. दोघांनी मिळून त्याला धुतले, उचलून खाटेवर निजवले. मग भिक्खूंना जमवून तथागतांनी विचारले की, तुम्ही एकमेकांकडे पाहणार नाही तर पाहणार कोण? धम्माचा अर्थ कळायला एवढा प्रसंग पुरेसा आहे.

बाबासाहेब आणि रमाई यांची चार लेकरे बालपणीच गेली. त्या काळी गरिबाच्या आजारी लेकरासाठी औषध हाताशी नव्हते. क्षयावरचे प्रभावी औषध तर जगातच निघाले नव्हते. आज औषध आहे, फुकट आहे, आणि आपल्या वस्तीच्या दवाखान्यापर्यंत आले आहे. आता एखादे लेकरू क्षयाने गेले तर ते औषधाअभावी नव्हे, आपल्या लाजेमुळे, हयगयीमुळे किंवा वेळेवर न पोचलेल्या माहितीमुळे गेले, असे म्हणावे लागेल.

म्हणून पौर्णिमेच्या वंदनेनंतर विहारात दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. आशाताईंना बोलवावे. महिला मंडळाने वस्तीतले दोन आठवड्यांहून जास्त खोकणारे प्रत्येक माणूस दवाखान्यात नेण्याची जबाबदारी घ्यावी. जयंतीच्या वर्गणीतून एका क्षयरुग्णाच्या घराला सहा महिने डाळ-तांदूळ पुरवला, तर ती मिरवणुकीच्या वाजंत्रीहून मोठी जयंती होईल.

ताई, तुम्ही उद्या सकाळी दोन्ही मुलांना घ्या. मिस्टरांचा उपचाराचा कागद आणि मुलांची लसीकरणाची कार्डे सोबत असू द्या. केसपेपर काढताना एवढेच म्हणा : 'घरात टीबीचा पेशंट आहे, मुलांना तपासायचंय.' सासूबाईंनाही सोबत न्या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर तेच ताट त्या आपल्या हाताने परत मांडतील.

जयभीम! नमो बुद्धाय!